वेगळ्या घडणीच्या किडनीत लघवी अडते तेव्हा: पहिल्या रिपोर्टापासून स्टेंट निघेपर्यंत

सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'हॉर्सशू किडनी' किंवा 'पेल्व्हिक किडनी' आणि लगेच पुढे 'हायड्रोनेफ्रोसिस' (लघवी साठून किडनी फुगणं) असं लिहून आलं की घरातल्यांच्या तोंडचं पाणी पळतं. युरोलॉजीच्या रुग्णांना आणि त्यांच्या घरच्यांना ऑपरेशनआधी सगळं समजावून सांगणं हे माझं रोजचं काम आहे. समोर बसलेल्या माणसाचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा 'रोबोटने करायचं का?' हाच असतो. माझ्या मते तो चौथा-पाचवा प्रश्न आहे. त्याच्या आधीच्या प्रश्नांची उत्तरं नीट मिळाली नसतील, तर यंत्र कितीही भारी असलं तरी उपयोग नाही. म्हणून हा लेख ज्या क्रमाने निर्णय घ्यायला हवा त्याच क्रमाने लिहिला आहे.

आधी समजून घ्या: किडनी अशी का झाली

बाळ आईच्या पोटात असताना किडन्या ओटीपोटात तयार होतात आणि गर्भाच्या साधारण सहाव्या ते नवव्या आठवड्यात वर सरकत आपल्या जागी पोहोचतात. वर जाताना त्या सुमारे ९० अंशांत वळतात. किडनीतली लघवी जिथे गोळा होते त्या पिशवीला डॉक्टर 'पेल्व्हिस' म्हणतात. तिचं तोंड आधी समोर असतं, ते या वळण्यामुळे मणक्याच्या बाजूला होतं. वर जाताना किडनी टप्प्याटप्प्याने जवळच्या मोठ्या धमनीतून नवी रक्तवाहिनी घेते आणि खालची जुनी सोडून देते.

हा प्रवास मध्येच अडला की किडनीची घडण वेगळी राहते. हॉर्सशू किडनीत दोन्ही किडन्यांची खालची टोकं एका पट्टीने जोडलेली असतात आणि आकार घोड्याच्या नालेसारखा दिसतो. साधारण ४०० ते ५०० माणसांमागे एकाला अशी किडनी असते, पुरुषांमध्ये जास्त. वर सरकताना ही जोडपट्टी मोठ्या आतड्याला रक्त पुरवणाऱ्या एका धमनीखाली अडकते आणि किडनी तिथेच थांबते. मग ती पुरती वळत नाही आणि पेल्व्हिस समोरच तोंड करून राहते. युरेटर, म्हणजे लघवी मूत्राशयात नेणारी नळी, पेल्व्हिसच्या तळाऐवजी वरच्या बाजूने सुरू होते आणि जोडपट्टीवरून वळसा घेऊन खाली जाते. खालच्या टप्प्यावरच्या ज्या रक्तवाहिन्या गळून जायला हव्या होत्या त्याही तशाच राहतात आणि एखादी नेमकी नळीच्या तोंडावरून आडवी जाते. पेल्व्हिस आणि युरेटर जुळतात त्या जागेला 'पीयूजे' म्हणतात. हॉर्सशू किडनी असलेल्यांपैकी साधारण १५ ते ३३ टक्के लोकांत इथे अडथळा सापडतो, तो या सगळ्यामुळे.

पेल्व्हिक किडनी ओटीपोटातून वर सरकलेलीच नसते; तिच्या नावातलं 'पेल्व्हिक' म्हणजे ओटीपोटातली, त्याचा वरच्या 'पेल्व्हिस' पिशवीशी संबंध नाही. काहींच्या दोन्ही किडन्या एकाच बाजूला असतात. काहींची किडनी जागेवर असते, फक्त वळलेली नसते. प्रकार कोणताही असो, नळी कुठून निघते आणि रक्तवाहिन्या कुठून येतात हे प्रत्येकात वेगळं असतं. शेजारच्या काकांचं ऑपरेशन कसं झालं यावरून आपल्याबद्दल काहीही ठरत नाही, ते याचमुळे.

आईबापांना एक गोष्ट मनापासून सांगते. गरोदरपणात काय खाल्लं, कुठे प्रवास केला, याचा याच्याशी संबंध लावून स्वतःला दोष देऊ नका.

पायरी १: आजच दवाखान्यात जायचं का, हे ठरवा

बहुतेकांकडे विचार करायला पुरेसा वेळ असतो. तीन प्रसंगांत मात्र नसतो. थंडी वाजून ताप आणि सोबत पोटात किंवा कुशीत दुखणं, म्हणजे अडलेल्या लघवीत जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. लघवी खूप कमी झाली किंवा बंद झाली, विशेषतः एकच किडनी काम करत असेल किंवा दोन्ही बाजू अडलेल्या असतील तर. आणि उलट्या थांबत नसतील, पाणीही पोटात टिकत नसेल तर. अशा वेळी ओपीडीच्या तारखेची वाट पाहू नका, इमर्जन्सीत जा.

तिथे आधी साठलेली लघवी बाहेर काढायची सोय करतात. एक तर आतून स्टेंट, म्हणजे लघवीची वाट उघडी ठेवणारी बारीक नळी, घालतात, नाहीतर पाठीतून किंवा कुशीतून किडनीत बारीक नळी टाकतात. पेल्व्हिक किडनीच्या पुढे-मागे आतडी आणि हाडं असतात. म्हणून ही नळी सोनोग्राफी किंवा सीटीवर बघतच टाकावी लागते. तिथल्या डॉक्टरांना 'किडनी जागेवर नाही' हे पहिल्याच वाक्यात सांगा आणि जुना रिपोर्ट दाखवा.

एरवी दुखण्याची जागासुद्धा फसवते. हॉर्सशू किडनीचं दुखणं बेंबीभोवती जाणवतं आणि गॅस समजून काढलं जातं. उजवीकडच्या पेल्व्हिक किडनीचं दुखणं अपेंडिक्ससारखं वाटतं, तर बायकांमध्ये पाळीच्या दुखण्यात जमा होतं. लहान मूल नुसतं 'पोट दुखतंय' म्हणतं, ओकतं, आणि दोन तासांनी खेळायला लागतं. भरपूर पाणी किंवा ताक पिऊन झाल्यावर दर वेळी कळ येते का, हे बघून ठेवा. डॉक्टरांना ही माहिती फार कामाची असते.

पायरी २: सूज आहे, पण अडथळा आहे का?

या पायरीवर घाई झाली तर नको ते ऑपरेशन होतं, किंवा हवं ते लांबतं, म्हणून इथे जास्त वेळ थांबते.

हायड्रोनेफ्रोसिस म्हणजे किडनीला सूज, आत लघवी साठून ती फुगणं. वेगळ्या घडणीच्या किडनीत पेल्व्हिस मुळातच समोर तोंड करून, थोडी ऐसपैस असते. ती फुगलेली दिसली म्हणजे लघवी अडलीच आहे असं नाही. उलट रक्तातलं क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय हे दाखवणारा आकडा) नॉर्मल आलं म्हणून निर्धास्त राहणंही चूक. एक बाजू हळूहळू निकामी होत असताना दुसरी तिचं काम उचलते आणि क्रिएटिनिन बराच काळ हलत नाही.

खरा निकाल देते ती लॅसिक्स हे लघवी वाढवणारं औषध देऊन केलेली रेनोग्राम तपासणी. लोक तिला डीटीपीए स्कॅन किंवा ईसी स्कॅन म्हणतात. ती कशी होते हे माहीत असलं की भीती कमी होते. आधी भरपूर पाणी प्यायला लावतात आणि टेबलावर झोपण्यापूर्वी लघवी करून यायला सांगतात. हाताच्या शिरेत किरणोत्सारी औषधाचं छोटं इंजेक्शन देतात. मग २०-३० मिनिटं अजिबात न हलता पडून राहायचं. कॅमेरा अंगाला न लागता जवळ थांबलेला असतो. स्क्रीनवर दोन्ही किडन्या हळूहळू उजळतात आणि मग रिकाम्या होऊ लागतात. ठरलेल्या वेळी लॅसिक्स देतात, त्याने लघवीचा जोर वाढतो. अडथळा नसेल तर साठलेलं औषध भराभर निघून जातं. असेल तर ते तिथेच राहतं आणि आलेख वर चढत जातो किंवा आडवा राहतो. शेवटी पुन्हा लघवी करून, उभं करून एक फोटो घेतात.

रिपोर्टात दोन आकडे शोधा. पहिला, दोन्ही बाजूंची कामाची वाटणी. साधारण ४५ ते ५५ टक्के ही नॉर्मल धरतात. दुसरा 'टी हाफ', म्हणजे अर्धं औषध निघून जायला लागलेला वेळ. १० मिनिटांच्या आत असेल तर वाट मोकळी, २० च्या वर असेल तर अडथळ्याची शक्यता जास्त, मधलं सगळं संशयास्पद. पण या आकड्यावर एकट्याने विसंबू नका. पिशवी खूप मोठी असेल, किडनी दमलेली असेल किंवा मूत्राशय भरलेलं असेल, तर अडथळा नसतानाही हा वेळ लांबतो.

वेगळ्या किडनीसाठी एक मुद्दा फार महत्त्वाचा, आणि तो फॉर्मवर लिहायचा राहून जातो. एरवी कॅमेरा पाठीमागून फोटो घेतो, कारण किडन्या पाठीजवळ असतात. हॉर्सशू किंवा पेल्व्हिक किडनी पुढच्या बाजूला असते आणि तिच्या मागे मणका किंवा कंबरेची हाडं येतात. फक्त मागून मोजलं तर तिचं काम प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतं. 'ही किडनी फक्त २० टक्के चालते' हे ऐकून घर हादरतं, आणि समोरूनही मोजल्यावर आकडा वेगळा निघू शकतो. तपासणीची वेळ घेतानाच सांगा: किडनी वेगळ्या जागी आहे, समोरूनही मोजाल ना?

लघवी मूत्राशयातून उलटी वर जाणं हेही अशा किडन्यांमध्ये जास्त आढळतं. त्यानेही सूज येते आणि त्यावर पीयूजेचं ऑपरेशन लागू पडत नाही. वारंवार ताप येणाऱ्या लहान मुलांत डॉक्टर एमसीयू नावाचा एक्स-रे सांगतात तो याचसाठी. त्यात कॅथेटर, म्हणजे लघवीच्या जागेतून मूत्राशयात जाणारी नळी, घालावा लागतो, मूल रडतं, आईचा जीव कळवळतो. तरी सांगितला असेल तर टाळू नका.

पायरी ३: नकाशा काढून घ्या

अडथळा नक्की झाला की सर्जनला रक्तवाहिन्यांचा नकाशा लागतो. मोठ्यांमध्ये तो कॉन्ट्रास्ट (फोटोत वाटा उठून दिसाव्यात म्हणून शिरेतून दिलेलं औषध) देऊन केलेल्या सीटी युरोग्राफीतून मिळतो. तपासणीत धमन्यांचे आणि थोड्या वेळाने लघवीच्या वाटेचे असे दोन्ही फोटो हवेत. क्रिएटिनिन आधी तपासतात. मधुमेहाची गोळी, विशेषतः मेटफॉर्मिन, चालू असेल तर सांगा. लहान मुलांत आणि गरोदर बायकांत किरणांचा प्रश्न असतो, तिथे एमआरआयचा विचार होतो.

सेंटरवरून फक्त कागद घेऊन निघू नका. सीडी किंवा लिंक मागून घ्या. वेगळ्या किडनीत सर्जन स्वतः फोटो फिरवून बघतो की कुठली धमनी जोडपट्टीत शिरते, कुठली नळीवरून जाते, मुतखडे कुठे आहेत. रिपोर्टातल्या चार ओळींत हे मावत नाही.

पायरी ४: ऑपरेशन खरंच हवं का?

दुखणं नाही, संसर्ग नाही, खडे नाहीत, कामाची वाटणी स्थिर आहे आणि फक्त सूज आहे, अशा माणसाला ठरावीक काळाने सोनोग्राफी आणि गरजेनुसार रेनोग्राम करत थांबता येतं. जन्माआधीच्या सोनोग्राफीत सूज दिसलेल्या कितीतरी बाळांची सूज पुढे आपोआप उतरते. थांबणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे, पण ठरलेली तारीख चुकवायची नाही.

वारंवार कळ, अडथळ्यामुळे संसर्ग किंवा खडे, त्या बाजूचं काम ४० टक्क्यांच्या खाली असणं किंवा आधीच्या तपासणीपेक्षा घसरणं, सूज वाढत जाणं, यांपैकी काही असेल तर वाट मोकळी करावी लागते. काम अगदीच थोडं, म्हणजे १०-१५ टक्क्यांच्या आसपास उरलं असेल, तर वाचवायची की काढायची हा वेगळा निर्णय असतो. तिथे मी दुसऱ्या युरोलॉजिस्टचं मत घ्यायला आवर्जून सांगते. त्यात पहिल्या डॉक्टरांचा अपमान नाही.

पायरी ५: आता रोबोटचा प्रश्न

ऑपरेशनचं नाव पायलोप्लास्टी. अडलेला भाग कापून काढायचा आणि नळी पेल्व्हिसला नव्याने, रुंद तोंडाने जोडायची. अँडरसन आणि हाइन्स या सर्जनांनी १९४९ मध्ये मांडलेली पद्धत आजही चालते. ती पोट उघडून करता येते, लॅप्रोस्कोपीने, म्हणजे दुर्बिणीतून करता येते, आणि रोबोटच्या मदतीनेही. आत होणारं काम तेच. दा विंची रोबोटला अमेरिकेत २००० साली मान्यता मिळाली. आता भारतात बनलेला एसएसआय मंत्र हा रोबोटही वापरात आहे.

रोबोट स्वतःहून काहीही करत नाही. सर्जन त्याच खोलीत एका कन्सोलवर बसतो आणि त्याच्या बोटांची हालचाल पोटात गेलेली बारीक अवजारं जशीच्या तशी करतात. हाताचा सूक्ष्म कंप गाळला जातो, आतलं दृश्य साधारण दहापट मोठं आणि त्रिमितीय दिसतं, आणि अवजारांना मनगट असतं. साध्या लॅप्रोस्कोपीची अवजारं सरळ काठीची असतात. सरळ जागच्या किडनीत कसबी सर्जन त्यांनी उत्तम टाके घालतो. पण पेल्व्हिस समोर तोंड करून असेल, खाली जोडपट्टी असेल आणि टाका अवघड कोनात घालायचा असेल, तिथे वळणाऱ्या मनगटाचा फायदा खरोखर होतो. एक कमतरताही आहे: बहुतेक रोबोटांत सर्जनला धाग्याचा ताण हाताला कळत नाही, तो डोळ्यांनीच ओळखावा लागतो. म्हणून सराव लागतो.

माझं स्पष्ट मत: अनुभवी हातात लॅप्रोस्कोपी आणि रोबोट यांचे निकाल सारखेच चांगले येतात. जागच्या किडनीत पायलोप्लास्टी ९० टक्क्यांहून जास्त वेळा यशस्वी होते, आणि वेगळ्या घडणीच्या किडनीतही जाणत्या सर्जनकडे निकाल त्याच्या जवळपास येतात. अशा किडन्यांवर नेहमी काम करणारा लॅप्रोस्कोपी सर्जन तुमच्या जिल्ह्यात असेल, तर निव्वळ रोबोटसाठी दागिने मोडून मोठ्या शहरात जाऊ नका. दोन्ही उपलब्ध असतील, परवडत असेल आणि सर्जनचा रोबोटवर हात बसलेला असेल, तर अवघड किडनीत रोबोट निवडायला चांगलं कारण आहे.

पोटाला छिद्रही न पाडता आतून नळीचं तोंड चिरून रुंद करायची एक पद्धत आहे, एंडोपायलोटॉमी. सोपी वाटते, पण वेगळ्या किडनीत आडव्या रक्तवाहिनीला इजा होण्याची भीती असते आणि यशाचं प्रमाणही कमी. पहिला उपाय म्हणून ती कुणी सुचवली तर कारण विचारा.

सर्जनला हे विचारायला संकोचू नका: अशा घडणीच्या किडनीची ऑपरेशनं तुम्ही केली आहेत का? आडवी रक्तवाहिनी आहे का आणि तिचं काय करणार? जोडपट्टी कापणार का? (पूर्वी ती सर्रास कापत, आता बहुतेक वेळा गरज पडत नाही.) खडे त्याच वेळी निघतील का? पोट उघडावं लागलं तर ते कोण करणार? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही.

पायरी ६: पैशांची बोलणी अ‍ॅडमिट होण्याआधी

रोबोटची अवजारं ठरावीक वेळाच वापरता येतात, त्यामुळे बिलात त्यांची वेगळी भर पडते. लेखी अंदाजपत्रक घ्या. त्यात स्टेंट काढण्याचा खर्च धरला आहे का ते बघा, तो हमखास राहून जातो.

विमा असेल तर दोन गोष्टी तपासा. आयआरडीएआय या सरकारी विमा नियामक संस्थेने २०१९ मध्ये रोबोटिक सर्जरी आधुनिक उपचारांच्या यादीत घातली, तरी पॉलिसीत त्यासाठी वेगळी मर्यादा असू शकते. दुसरं, 'जन्मजात दोष' म्हणून दावा नाकारला गेला तर घाबरून गप्प बसू नका. पॉलिसीत जन्मजात दोषांचे अंतर्गत आणि बाह्य असे दोन प्रकार दिलेले असतात. शरीराच्या आत असलेला, बाहेरून न दिसणारा दोष अंतर्गत धरला जातो, आणि किडनी त्यातच येते. डॉक्टरांकडून तसं पत्र घ्या.

महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेतून करायचं असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला रेशनकार्ड आणि रिपोर्ट दाखवा. तुमचं ऑपरेशन कुठल्या पॅकेजमध्ये बसतं आणि त्यात रोबोटचा खर्च धरतात का, हे त्यांच्याकडून आधीच कळतं.

पायरी ७: ऑपरेशनच्या आधीचे दिवस

लघवीचं कल्चर, म्हणजे जंतूंची तपासणी, होतं. जंतू सापडले तर आधी औषध, मग ऑपरेशन. तारीख पुढे गेली म्हणून चिडू नका, संसर्ग असताना टाके घालणं धोक्याचं असतं. रक्त पातळ करणारी गोळी कधी थांबवायची हे डॉक्टरच ठरवतील, मनाने बंद करू नका. आयुर्वेदिक काढे, चूर्णं चालू असतील तर तेही भूलतज्ज्ञांना सांगा. तंबाखू आणि मिश्री बंद. उपाशी राहण्याच्या वेळा सांगतील त्या तंतोतंत पाळा. 'एक घोट चहाने काय होतं' म्हणणाऱ्या आजीलाही हे आधीच समजावून ठेवा.

संमतीपत्र वाचून सही करा. रक्तस्राव, आतड्याला इजा, जोडातून लघवी झिरपणं, पोट उघडावं लागणं, पुन्हा अरुंद होणं, हे सगळं त्यात असतं. यांतलं काही फारसं घडत नाही, पण कधीच घडत नाही असंही नाही.

पायरी ८: आत काय होतं

पूर्ण भूल देतात. किडनी कुशीत असेल तर कुशीवर झोपवतात. पेल्व्हिक किडनी असेल तर पाठीवर, डोकं जरा खाली. पोटात कार्बन डायऑक्साइड भरून जागा करतात, साधारण ८ मिलिमीटरची तीन-चार छिद्रं घेतात आणि रोबोटचे हात जोडतात. रुग्णाशेजारी एक सहायक सर्जन आणि सिस्टर कायम असतात.

आतडं बाजूला सारून सर्जन आधी युरेटर शोधतो आणि तिच्या मागोमाग वर जातो. ओळख पटल्याशिवाय एकही रक्तवाहिनी तोडायची नाही, वेगळ्या किडनीत हा नियम फार कडक पाळतात, कारण बारीक दिसणारी धमनीसुद्धा किडनीच्या एका भागाला जगवत असते. मग अरुंद भाग कापून काढतात. युरेटरचं टोक गोल ठेवलं तर जोड पुन्हा आवळतो, म्हणून कात्रीने ते दीड-दोन सेंटिमीटर उभं चिरून पसरट करतात. रक्तवाहिनी आडवी असेल तर ती तशीच राखून नळी तिच्या पुढच्या बाजूने आणतात. जोड पेल्व्हिसच्या सगळ्यात खालच्या भागाला करतात, म्हणजे लघवी आपसूक उतरेल. केसाएवढ्या धाग्याने, स्क्रीनवर मात्र दोरीएवढा दिसतो, मागची बाजू एकेक टाका घालत शिवतात. मग आतून डीजे स्टेंट सोडतात, एक टोक किडनीत आणि एक मूत्राशयात, आणि पुढची बाजू शिवतात. हे टाके विरघळणारे असतात. खडे असतील तर पेल्व्हिस उघडी असतानाच लवचीक दुर्बीण घालून काढतात.

दोन ते चार तास धरा, वेगळ्या किडनीत जास्तही. बाहेर थांबलेल्यांनी वेळ लांबला म्हणून वाईट अर्थ काढू नये. त्यातला काही वेळ यंत्र जोडण्यात आणि नकाशा पडताळण्यात जातो.

पायरी ९: वॉर्डातले दिवस

खांदा दुखला तर नवल वाटू देऊ नका, पोटात भरलेल्या गॅसमुळे तसं होतं आणि एक-दोन दिवसांत जातं. लघवी लालसर येते. संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी उठवून चालवतात. पोटातून एक ड्रेन, म्हणजे आतलं पाणी बाहेर आणणारी नळी, असतो, त्यात लघवी झिरपत नाही ना हे बघून तो काढतात. कॅथेटर बहुधा एक-दोन दिवसांत निघतो आणि गुंतागुंत नसेल तर दोन-तीन दिवसांत डिस्चार्ज मिळतो.

पायरी १०: स्टेंट, आणि त्याची तारीख

स्टेंट आत असताना वारंवार लघवी लागते, मूत्राशय रिकामं झालं तरी भावना राहते, चाललं की लघवी लाल होते, आणि लघवी करताना कुशीत कळ जाते. ती कळ लघवी स्टेंटमधून वर चढल्यामुळे येते. म्हणून लघवी दाबून धरू नका आणि पाणी भरपूर प्या. त्रास जास्त असेल तर डॉक्टर गोळ्या देतात. थंडी वाजून ताप आला, लघवीत रक्ताच्या गाठी आल्या, पोट फुगलं किंवा लघवी बंद झाली तर लगेच जा.

स्टेंट साधारण ४ ते ६ आठवड्यांनी काढतात. मोठ्या माणसांत लघवीच्या जागी जेली लावून बारीक दुर्बिणीने, काही मिनिटांत. लहान मुलांना थोडी भूल लागते.

ही तारीख चुकवू नका, अगदी हात जोडून सांगते. आमच्याकडे एक काका आले होते, दुसरीकडे ऑपरेशन झालेले. दुखणं थांबलं, शेतीची कामं आली, स्टेंट राहून गेला. वर्षाहून जास्त काळाने आले तेव्हा स्टेंटच्या दोन्ही टोकांवर खड्याचा जाड थर बसला होता आणि तो काढायला पाठीतून आणि खालून, दोन्हीकडून खडे फोडावे लागले. मूळ ऑपरेशन उत्तम झालं होतं. डिस्चार्ज कार्डावर स्टेंटची तारीख लाल पेनाने लिहून घ्या, घरातल्या दोघांच्या मोबाइलवर गजर लावा आणि कार्डाचा फोटो फॅमिली ग्रुपवर टाका.

जड उचलणं ४ ते ६ आठवडे नको. हंडा, सिलिंडर, कडेवरचं मोठं मूल, सगळं त्यात आलं. बैठ्या कामावर एक-दोन आठवड्यांत जाता येतं. दुचाकी, एसटीचा लांबचा प्रवास आणि व्यायामशाळा कधी सुरू करायची हे तपासणीच्या वेळी विचारा.

त्यानंतर

स्टेंट निघाल्यावर काही आठवड्यांनी सोनोग्राफी आणि साधारण तीन महिन्यांनी रेनोग्राम होतो. सोनोग्राफीत 'सूज आहे' असं पुन्हा लिहून येतं आणि लोक रडत येतात. वर्षानुवर्षं ताणलेली पिशवी एकदम आकसत नाही, काहींची कधीच पूर्ण आकसत नाही. बघायचं ते हे की सूज आधीपेक्षा कमी आहे का, दुखणं गेलं का आणि रेनोग्राममध्ये वाट मोकळी दिसते का. रेनोग्राम शक्यतो पहिल्याच सेंटरवर, त्याच पद्धतीने करा, म्हणजे तुलना होते. पुढे वर्षातून एकदा तपासणी ठेवा. पुन्हा अरुंद होणं बहुतेक वेळा पहिल्या दोन वर्षांत लक्षात येतं, आणि त्यावरही उपाय असतात.

अडथळा गेला तरी किडनीची घडण तीच राहते. हॉर्सशू किडनीत खडे होण्याचं प्रमाण जास्त, म्हणून दिवसाला दोन-अडीच लिटर लघवी होईल इतकं पाणी हवं, उन्हात काम करणाऱ्यांना त्याहून जास्त. जोडपट्टी मणक्यासमोर असते आणि पोटावर जोराचा मार बसला तर ती चेपते. कबड्डी किंवा कुस्ती खेळणाऱ्या मुलांनी सर्जनशी मोकळेपणाने बोलून ठरवावं. मुलगी असेल, उंची कमी असेल आणि हॉर्सशू किडनी असेल, तर टर्नर सिंड्रोमची (मुलींमधला गुणसूत्रांचा एक जन्मजात दोष) तपासणी हवी का हे बालरोगतज्ज्ञांना विचारा. पेल्व्हिक किडनी असलेल्या बाईने गरोदरपणात पहिल्याच भेटीत डॉक्टरांना हे सांगावं, विशेषतः सिझेरियनची शक्यता असेल तर.

आणि सीटीची सीडी, ऑपरेशनची टिपणी, दोन्ही रेनोग्राम एका फाइलमध्ये ठेवा, त्यांचे फोटो मोबाइलमध्येही. पुढे कधी मुतखडा, हर्निया, अपेंडिक्स किंवा पाठीच्या मणक्याचं काही निघालं, तर नव्या डॉक्टरांसमोर बसल्याबसल्या ती फाइल आधी उघडायची.